पनवेलचा पालक अवकाशात

पनवेलवरून कधीच गेला नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी इथून जातो, पुणेकर इथूनच मुंबईत शिरतो, अलिबागला निघालेली शनिवारची मंडळीही इथेच वळण घेतात. थांबतात मात्र थोडे. थांबलात, तर या तालुक्यात आणि त्याच्या अवतीभवती इंजिनिअरिंगची मुलं आणि संशोधक मंडळी काय काय करून बसली आहेत ते कळेल आणि छाती फुगेल. घ्या मग, एकेक किस्सा.

भाताणचा पालक

द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघालं की पहिला बोगदा लागतो तो भाताणचा. त्याच भाताणला ॲमिटी विद्यापीठाचा मुंबई परिसर आहे. तिथल्या प्रयोगशाळेतला पालक ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री दहा वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ६० या रॉकेटवर बसून अवकाशात गेला. प्रयोगाचं नाव ‘एपेम्स’, म्हणजे अवकाशात वनस्पती वाढवून बघायची एक पेटी.

पालक म्हणजे जुडी नव्हे हं. पाठवला तो पालकाचा कॅलस. वनस्पतीचा तुकडा पोषक जेलीवर ठेवला की पेशींचा एक गोळा वाढत जातो. त्याला ना मूळ, ना खोड, ना पान. टिश्यू कल्चरची रोपं लावणाऱ्या जळगावच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. पण अवकाशात हाच गोळा का न्यायचा? एक म्हणजे तो भराभर वाढतो. दुसरं म्हणजे त्याचा रंग. पेशी जिवंत आहेत तोवर हिरवा, मरायला लागल्या की रंग उतरतो. पेटीत माणूस जाऊन बघणार नसतो, बघणार कॅमेरा. कॅमेऱ्याला हिरव्याचा तपकिरी झालेला लगेच ओळखता येतो.

या प्रयोगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचं जुळं. एक पेटी वर फिरत असताना तसाच दुसरा प्रयोग खाली विद्यापीठात चालवायचा, असा बेत होता. वरच्या आणि खालच्या पालकात जो फरक पडेल त्यावरून गुरुत्व नसण्याचा परिणाम शोधायचा. मूळ खाली आणि शेंडा वर हे झाडाला कोण सांगतं, दिशा ओळखायला त्याला गुरुत्व लागतं की प्रकाश पुरतो, हा प्रश्न शाळेतल्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. इथे त्यासाठी रॉकेट लागलं.

त्याच प्रवासात पालकाला शेजार होता चवळीचा. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राने चवळीचे आठ दाणे पाठवले होते. घरी भिजवून फडक्यात बांधलेल्या चवळीला उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड दिसतात, अवकाशात चार दिवसांत ते फुटले आणि पाठोपाठ पानंही आली. पालक आणि चवळी! मराठी स्वयंपाकघराचा निम्मा आठवडा पृथ्वीपासून साडेतीनशे किलोमीटरवर फिरत होता.

ही सगळी मंडळी बसली होती कशावर, तेही ऐका. उपग्रह सोडून झाले की रॉकेटचा चौथा टप्पा नुसता भंगार म्हणून वर फिरत राहतो. इस्रोने त्यालाच वीज आणि दिशा-नियंत्रण देऊन प्रयोगांचा ओटा बनवला. त्याचं नाव ‘पोएम’. त्या खेपेला पोएमवर २४ प्रयोग होते. १४ इस्रोचे आणि १० बाहेरच्या कॉलेजांचे आणि कंपन्यांचे. त्या दहांत पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचीही एक पेटी होती. ४ एप्रिल २०२५ ला हा ओटा हिंदी महासागरावर वातावरणात शिरला आणि प्रवास संपला.

खारघर : पेशींना शिकवणी

खारघर आज पनवेल महापालिकेत मोडतं. तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. ४ जून २०२१ ला याच केंद्रात देशातली पहिली कार-टी पेशी-उपचारपद्धती एका रुग्णावर वापरली गेली. औषध बनवलं कुणी? पवईच्या आयआयटीने. औषधाचा कारखाना नसलेल्या, लोक ज्याला इंजिनिअरिंगचं कॉलेज म्हणून ओळखतात त्या संस्थेने! तिथल्या जैवअभियांत्रिकी विभागात प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत हे काम उभं राहिलं, आणि त्यात पीएच.डी.ची विद्यार्थिनी अलका द्विवेदी यांचा मोठा वाटा होता.

युक्ती अशी. आपल्या रक्तात टी-पेशी असतात, शरीराच्या पहारेकरी. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या पेशी त्यांना हूल देऊन निसटतात. मग रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, आणि बिघडलेल्या पेशीच्या अंगावरची ‘सीडी-१९’ नावाची खूण ओळखायला त्यांना शिकवायचं. शिकलेल्या पेशी वाढवायच्या आणि सलाईनसारख्या परत शरीरात सोडायच्या. रुग्णाचं औषध त्याच्याच रक्तातून तयार होतं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आले. तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना उपचार लागू पडला होता. परदेशात याच धाटणीच्या उपचाराला तीन-चार कोटी लागतात, इथे साधारण एक-दशांश. सामान्य घराला तीही रक्कम डोंगराएवढीच आहे, आणि ती आणखी खाली आली पाहिजे. पण काल जे भारतात मिळतच नव्हतं ते आज खारघरला मिळतं, आणि त्याच्या मुळाशी एका मुलीचा प्रबंध आहे. हे बारावीच्या मुलींना कुणीतरी मुद्दाम सांगायला हवं.

किलोभराच्या आतला उपग्रह

आता थोडं घाट चढून पुण्याला. १८५४ साली सुरू झालेलं सीओईपी आता तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं आहे. तिथल्या मुलांनी २००८ मध्ये एक उपग्रह बनवायला घेतला. नाव ‘स्वयं’. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर, वजन ९९० ग्रॅम. वाण्याकडच्या किलोभर साखरेच्या पुडीपेक्षा हलका. २२ जून २०१६ ला तो अवकाशात गेला. मधे आठ वर्षं. म्हणजे ज्यांनी पहिला आराखडा काढला ती मुलं केव्हाच पदवी घेऊन नोकरीला लागली होती, आणि उड्डाणाच्या दिवशी टाळ्या वाजवणारी मुलं काम सुरू झालं तेव्हा शाळेत होती. आठ वर्षं एका बॅचने दुसरीच्या हाती अर्धवट सर्किटं आणि वह्या सोपवत राहायचं आणि काम तुटू द्यायचं नाही, ही मला उपग्रहापेक्षाही मोठी कमाई वाटते. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट दुकानातून तयार विकत आणायची वाईट खोड आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लागली आहे. त्या मुलांना ‘स्वयं’ची गोष्ट पहिल्या सेमिस्टरलाच ऐकवावी.

‘स्वयं’ची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. रॉकेटमधून सुटलेला उपग्रह गरगरत असतो. तो स्थिर झाला नाही तर अँटेना भलतीकडे तोंड करते. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चाकं असतात, छोटी इंजिनं असतात. दहा सेंटिमीटरच्या डब्यात ती बसवणार कुठे? मुलांनी आत एक कायमचा चुंबक ठेवला. तो होकायंत्राच्या काट्यासारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला लागतो, आणि सोबतच्या खास धातूच्या पट्ट्या गरगर हळूहळू शोषून घेतात. वीज लागते शून्य. आपल्या देशाच्या उपग्रहात हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो या मुलांच्या हातून.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही गेला. हा जरा दांडगा, दहा किलोंचा. सुरुवात २००७ ची, त्यामुळे इथेही नऊ वर्षांची रिले. काम होतं आकाशातले इलेक्ट्रॉन मोजायचं. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वर आयनांबर सुरू होतं. सूर्याच्या किरणांनी तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्यातून रेडिओ लहर आली की तिच्या कंपनांची पातळी थोडी वळते. किती वळली ते मोजलं की वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळतं. लहरी पकडायचं साधन इतकं साधं ठेवलं होतं की इतर कॉलेजांतली मुलंही ते उभारू शकतील. तुमच्या मोबाईलमधला जीपीएस कधी कधी तुम्हाला शेजारच्या गल्लीत उभं दाखवतो, त्यात या इलेक्ट्रॉनांचाही हात असतो.

रोबोंची दहीहंडी

छोटीशीच गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची रोबोकॉन स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली, आणि यजमानांनी विषय दिला होता ‘गोविंदा’! देशोदेशीच्या मुलांनी आपापल्या रोबोंना हंडीतलं लोणी काढायला शिकवलं. लोणी पळवलं चीनच्या संघाने. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळी मोठ्या रोबोने छोट्या रोबोला बागेत नेऊन झोके द्यायचे होते, सीसॉवर बसवायचं होतं. त्यात व्हिएतनामची मुलं जिंकली.

सूर्याचा तडाखा, कुलाब्याची वही

आता खुद्द पनवेलातला खजिना. नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. बाहेरून जाणाऱ्या रिक्षावाल्यालाही आत काय चालतं ते विचारलं तर सांगता येईलच असं नाही. आत पृथ्वीच्या चुंबकाचा हिशेब चालतो, पीएच.डी. करणारी मुलं-मुली आयनांबराचा अभ्यास करतात, आणि इथली माणसं अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळांपर्यंत उपकरणं घेऊन जातात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात या संस्थेचा रडार आहे आणि तिरुनेलवेलीला प्रयोगशाळा आहे. तिरुनेलवेलीच का? पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून अगदी जवळून जातं म्हणून.

संस्था १९७१ पासून स्वायत्त आहे, पण तिची वंशावळ मागे कुलाब्यापर्यंत जाते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. चुंबकीय नोंदी १८४१ पासून. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे कोवळ्या वयात इथे निरीक्षणाच्या कामाला लागले. पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा जनक आणि टिळकांचा गुरू, दोघांच्याही डोळ्यांखालून या चुंबकाचे आकडे गेलेले आहेत!

आता खरी कमाल. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. अचानक डागांजवळ डोळे दिपवणारा प्रकाश चमकला. दिवसभरही झाला नसेल, तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी बॅटऱ्या काढून टाकल्यावरही तारा जात राहिल्या. कॅरेबियन बेटांपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. जगातल्या बऱ्याच वेधशाळांच्या उपकरणांचे काटे मोजपट्टीबाहेर गेले. कुलाब्याचा काटा मात्र हाती राहिला.

तेव्हा कागदावर आपोआप रेघ ओढणारं यंत्र कुलाब्यात नव्हतं. निरीक्षक छोट्या दुर्बिणीतून टांगलेल्या चुंबकाची मोजपट्टी डोळ्यांनी वाचायचा आणि आकडा वहीत हाताने लिहायचा. एरवी तासाला एकदा. वादळ उठलं तशी २ सप्टेंबरला नोंद दर पंधरा मिनिटांनी होऊ लागली, मधेच दर पाच मिनिटांनीही. समोर काय चाललंय याची कल्पना नसतानाही त्या माणसाने वाचणं सोडलं नाही आणि लिहिणंही सोडलं नाही. त्या हस्तलिखित आकड्यांवरून २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस यांनी पनवेलच्या या संस्थेचे जी. एस. लाखिना आणि एस. ॲलेक्स यांच्यासोबत त्या वादळाचा हिशेब मांडला. कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने पडला होता. एरवी आपल्याकडे तो ३८ हजारांच्या आसपास असतो. म्हणजे पृथ्वीचा चुंबक मुंबईत चार टक्क्यांनी ढिला पडला होता. आजही कॅरिंग्टन वादळाची गोष्ट निघाली की जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याचा आलेख काढतात.

चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं का? १३ मार्च १९८९ ला याहून बरंच लहान वादळ आलं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याच वादळाने वातावरण फुगलं आणि स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी चाळीसच्या आसपास उपग्रह जळून गेले. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतलं सर्वांत मोठं वादळ आलं, तेव्हा लडाखच्या हानलेतून लाल आकाश दिसलं. वीजवाहिन्या, उपग्रह, बँकांची घड्याळं ज्यावर चालतात ते जीपीएस, सगळं आज सूर्याच्या लहरीवर आहे. आपलं आदित्य एल-१ हे सूर्याकडे बघणारं यान उडालं तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ मध्ये. कुलाब्याच्या त्या दिवसाला बरोबर १६४ वर्षं झाली होती.

ट्राम आली, चुंबक अलिबागला गेला

मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं तेव्हा कुलाब्याचे संचालक होते नानाभाई मूस, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीत पसरला की नाजूक चुंबकाचे आकडे बिघडणार हे त्यांना दिसत होतं. शहर तर थांबणार नाही. मग वेधशाळाच हलवायची. जागा शोधली अलिबागला. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, तोही तपासून, की त्यात चुंबकीय अंश नाही ना. लोखंडाचा खिळासुद्धा वापरला नाही, सगळं पितळ आणि तांब्याचं. १९०४ ला अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या.

मूस यांचं मोठेपण पुढच्या दोन वर्षांत आहे. १९०६ पर्यंत त्यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. दोन जागांच्या आकड्यांत ठरावीक फरक किती, ते कळलं, आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधा न दिसता जोडता आली. विजेची ट्राम १९०७ ला धावली, तोवर काम फत्ते झालं होतं. आज १८० वर्षांहून लांब अशी ही नोंद जगातल्या मोजक्या प्रदीर्घ नोंदींपैकी आहे. कुठल्याही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने उपकरण बदलताना आधी मूस आठवावेत. जुनं बंद करण्याआधी नवं त्याच्या शेजारी चालवून बघायचं.

जाता जाता, धावपट्टीचा आकडा

पनवेल परिसरात इंजिनिअरिंगची कॉलेजं किती! नवीन पनवेलला पिल्लई, कामोठ्याला एमजीएम, खारघरला सरस्वती आणि ए. सी. पाटील. कॅप राउंडच्या दिवसांत मुलांना घेऊन फिरणाऱ्या आई-बाबांना माझी एक विनंती आहे. कटऑफ आणि पॅकेज विचाराच, पण तिसऱ्या वर्षाची मुलं सध्या काय बनवत आहेत तेही विचारा. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा.

आणि मुलांनो, तुमच्या दारातला एक प्रश्न. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर एका टोकाला ०८ आणि दुसऱ्या टोकाला २६ हे आकडे का? उत्तर पुन्हा चुंबकाकडेच जातं. होकायंत्राने मोजलेल्या दिशेचे अंश दहाने भागायचे. साधारण ८० अंशांकडे तोंड असलं तर ०८, उलट्या बाजूने २६० अंश म्हणून २६. चुंबकीय उत्तर सरकते, त्यामुळे हे आकडे कायमचे नसतात. लंडनच्या स्टॅन्स्टेडला २००९ मध्ये ०५ चा ०४ करावा लागला, अमेरिकेत टॅम्पाला २०११ मध्ये १८ चा १९. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेपासून जेमतेम अंशभराच्या आत आहे आणि वर्षाला अगदी थोडी हलते, म्हणून इतक्यात तरी रंगाचा डबा काढावा लागणार नाही. किती हलली ते सांगायला अलिबाग आहेच.